पहिला फोन आईला

टोलेडोत राहायला येऊन वर्ष होत आलं, तरी हे घर माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. स्वयंपाकघरातून बाहेर जाताना मी अजूनही कपाटाच्या कोपऱ्याला धडकते आणि कपाटालाच दोन शब्द सुनावते. हॉलिसचं तर विचारू नका. हा माणूस पूर्वीही कधी एका जागी बसला नाही, पण पूर्वी निदान फिरायला मैदान होतं. आता कामावरून आला की गॅरेज ते अंगण, अंगण ते गॅरेज, अशा त्याच्या फेऱ्या सुरू होतात. पायाला भिंगरी बांधल्यासारखा. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत बसते. बसते म्हणजे उभीच असते.

हॉलिस टॅकेट हा माझा नवरा. केंटकीच्या डोंगरातल्या एका कॉलेजात सोळा वर्षं फुटबॉलचा कोच होता. आमचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू कवेत घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं करायचं, बाकी सगळे नियम त्या दोन गोष्टींसाठी. तिथे त्याला लोकांनी देवासारखं डोक्यावर घेतलं होतं. न्हाव्याच्या दुकानात तो शिरला की खुर्चीतला माणूस अर्धी दाढी ठेवून उठायचा. मग मोठ्या लीगमधल्या टोलेडो पायलट्स संघाने त्याला बोलावलं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांना एकच प्रश्न पडला: कॉलेजचा कोच मोठ्या लीगमध्ये चालतो का?

रेडिओवर रोज सकाळी हेच दळण. शेजारच्या पेरिसबर्ग गावचा कुणी डॅरेल म्हणून आहे, त्याला दुसरा उद्योग नसावा. तो रोज फोन करून सांगतो, "पोरांना शिट्टी मारून पळवणं वेगळं आणि बाप्यांना पळवणं वेगळं." मी चिडून रेडिओ बंद करते. गाडीत बसले की परत लावते.

डॅरेलचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, मला टोचायचं ते हे. हॉलिसने येताना कॉलेजातल्या सगळ्या सवयी सामानाबरोबर ट्रकमध्ये भरून आणल्या. जेवायला बसताना सगळ्यांनी मोबाईल टोपलीत टाकायचे. सामना जिंकला की हातात हात घालून गाणं म्हणायचं. चांगला खेळला त्याच्या हेल्मेटवर कोचने स्वतःच्या हाताने सोनेरी चांदणी चिकटवायची. कॉलेजात त्या चांदणीसाठी पोरं हाडं मोडून घ्यायची. इथे एका खेळाडूने ती काढून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "कोच, माझ्या धाकटीला फार आवडली. अजून आहेत का हो?" सगळे हसले. हॉलिसही हसला. त्या संध्याकाळी अंगणातलं गवत त्याच्या फेऱ्यांनी झोपलं.

माझीही गत वेगळी नव्हती. कॉलेजात दर गुरुवारी सगळा संघ आमच्याकडे जेवायला यायचा. बीन्सचं पातेलं उचलायला दोघं लागायचे आणि मक्याचा पाव तर ओव्हनमधून बाहेर येईपर्यंतच शिल्लक असायचा. त्या दिवशी माझ्या पायांना उसंत नसायची आणि मला ते आवडायचं. टोलेडोत आल्यावर पहिल्याच गुरुवारी मी सगळ्यांना आमंत्रण दिलं. तिघं आले. एकाने आहारतज्ज्ञाने भरून दिलेला डबा आणला होता. दुसऱ्याने बीन्सकडे बघून विचारलं, घरात वाईन कुठली आहे. तिसरा लेवॉन होता. तो तीनदा वाढून घेऊन, दक्षिणेत लग्न झालेल्या बाईलाही मानाने लावतात तसं 'मिस' लावून म्हणाला, "मिस डार्ला, ह्यांना काही कळत नाही. तुम्ही पातेलं लहान करू नका." मी केलं नाही. दर शुक्रवारी आम्ही दोघं उरलेलं खायचो.

लेवॉन प्रुईटला हॉलिसने सतराव्या वर्षी हेरलं होतं, जॉर्जियाच्या दक्षिणेला एका लहानशा गावात. आमच्यात चांगला खेळाडू कॉलेजात आणायचा तर कोच त्याच्या घरी जातो, सोयरीक मागायला जावं तसा. चार कॉलेजांचे चार कोच त्याच आठवड्यात येऊन गेलेले असतात आणि निकाल आईच्या हातात असतो. लेवॉनची आई, मिस अर्नेस्टिन, शाळेच्या खानावळीत काम करायची. तिने हॉलिसला तळलेला मासा, पालेभाजी आणि ताक घालून भाजलेली गोड पेस्ट्री असं पोटभर जेवू घातलं आणि शेवटी एकच विचारलं: "माझ्या पोराला काही झालं तर मला कोण सांगणार?"

तिचा नवरा आरागिरणीत अपघातात गेला तेव्हा तिला ते दुकानातल्या रांगेत, पाठीमागच्या बाईकडून कळलं होतं. हॉलिसला तेव्हा हे माहीत नव्हतं. तो सरळ म्हणाला, "मी सांगेन. बरं असो, वाईट असो, पहिला फोन तुम्हाला. तोही माझा." बाकीच्या तिघांनी तिला नवीन स्टेडियमचे फोटो दाखवले होते. लेवॉन आमच्याकडे आला.

हा शब्द हॉलिसने पाळला. घोटा मुरगळला, फोन. गणितात पास झाला, फोन. वसतिगृहात मारामारी केली, तेव्हा लेवॉन अजून डोक्याला पट्टी बांधून घेत होता आणि मिस अर्नेस्टिन त्याला फोनवर झापत होती. पुढे हॉलिस सगळ्याच आयांना असे फोन करायला लागला, आणि आमच्या भागात आया म्हणायच्या, पोराला टॅकेटकडे द्या, झोप लागते. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

आता लेवॉन एकतीस वर्षांचा. बायको, दोन मुली, गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया. मोठ्या लीगमधला हा त्याचा तिसरा संघ आणि इथे तो कप्तान. हॉलिस आला तेव्हा संघातले नाकं मुरडायला लागले होते. त्या वेळी लेवॉनने सगळ्यांना सांगितलं होतं, "माणसाला थोडा वेळ द्या. माझी हमी." त्या हमीवरच आमचे पहिले दोन महिने निघाले. नंतर आम्ही हरायला लागलो आणि लेवॉनचा गुडघा पुन्हा सुजायला लागला.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी हॉलिस दुपारीच घरी आला. गॅरेजमध्ये गेला नाही, अंगणात गेला नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसला. तो बसला म्हणून मी घाबरले.

"रॉय म्हणतोय लेवॉनला सोडायचं," तो म्हणाला. रॉय डेलुका म्हणजे संघात कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरवणारा मॅनेजर. "गुडघा संपला म्हणे. त्याच्या जागी नवीन पोरगा येतोय."

"तुला काय वाटतं?"

"गुडघा संपलाय गं. मलाही दिसतंय."

"मग कधी सांगणार?"

"उद्या सकाळी. पद्धतीप्रमाणे."

पद्धत मला माहीत होती. सकाळी खेळाडू आला की दारातच ऑफिसचा एक माणूस त्याला गाठतो आणि म्हणतो, "कोचनी बोलावलंय, टॅब्लेट घेऊन ये." टॅब्लेटमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात. तो परत मागितला की ज्याला कळायचं ते कळतं. कॉलेजात हे नसतं. तिथे पोरगा खेळला नाही तर बाकावर बसतो, पण बसतो आपल्याच बाकावर आणि शेवटी पदवी घेऊन जातो. ऑगस्टमध्ये हॉलिसने इथे बऱ्याच जणांना घरी पाठवलं होतं, तेव्हाही त्याला जेवण गेलं नव्हतं. पण त्यांच्यापैकी कुणाच्या आईच्या हातचं तो जेवला नव्हता.

मी मक्याच्या पावाचं पीठ कालवत होते. मागे हॉलिसने कुणाला तरी फोन लावला आणि पलीकडची घंटी ऐकू यायला लागली. हॉलिसचे कान शिट्ट्यांनी आणि गर्दीच्या आवाजाने कामातून गेलेत, त्यामुळे तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो. मी वळून पाहिलं तर पडद्यावर मिस अर्नेस्टिनचं नाव.

"हॉलिस, ठेव तो फोन."

"शब्द दिलाय तिला."

"आधी त्याला सांग. मग खुशाल तिला सांग."

"पहिला फोन असं म्हणालो होतो, डार्ला. दुसरा नाही."

तेवढ्यात तिकडून आवाज आला, "कोच? सगळं बरं आहे ना?"

तो चांगला बोलला. त्यात तो तरबेज आहे. तुमचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात उमदा माणूस आहे, गुडघ्याने साथ दिली नाही, उद्या आम्ही त्याला सोडतोय, त्याच्या पाठीशी मी उभा आहे, सगळं म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मग मिस अर्नेस्टिन म्हणाली, "लेवॉन काय म्हणाला?"

"त्याला अजून सांगितलं नाही, बाई. उद्या सकाळी सांगतो. तुम्हाला आधी."

"त्याला माहीत नाही?"

"नाही."

"म्हणजे आत्ता तो घरी बसून हसतोय आणि मला माहिती आहे." तिचा आवाज अगदी बारीक झाला, खालच्या पट्टीत, जवळ कुणी झोपलेलं असावं तसा. "आता मी ह्याचं काय करू, कोच? रात्रभर हातात धरून बसू?"

हॉलिस काहीतरी बोलायला गेला. तिने फोन ठेवला होता.

पाव ओव्हनमधून काढून मी टेबलावर ठेवला, तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. दार मी उघडलं. लेवॉनने नेहमीसारखे पायपुसण्यावर बूट पुसले. एवढा धिप्पाड माणूस, पण माझ्या दारात त्याने कधी चिखल आणला नाही.

"आत येऊ का, मिस डार्ला?"

"ये बाबा."

त्याच्या हातात टॅब्लेट होता. हॉलिस उठून उभा राहिला.

"आई रडत होती," लेवॉन म्हणाला. "मला वाटलं आजी गेली. मी म्हणतोय, आई, खाली बस, श्वास घे, आजी कुठे आहे? ती म्हणते, बाळा, ते तुला काढतायत. मला कळेना कोण कुणाला काढतंय. मी तिचीच समजूत घालत होतो, कोच. नोकरी माझी गेली आणि मी तिला सांगतोय, रडू नको, होईल सगळं नीट. थोरली माझ्यासमोर बसून भागाकार करत होती. तिने सगळं ऐकलं. मी बायकोला सांगायच्या आधी तिने आत जाऊन सांगून टाकलं."

"मी शब्द दिला होता तिला," हॉलिस म्हणाला.

"सतरा वर्षांच्या पोराबद्दल दिला होता."

"आईला दिलेला शब्द असा शिळा होत नाही, लेवॉन."

"होतो, कोच. मी बाप झालो त्या दिवशी झाला." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "दोन संघांनी मला आधी काढलंय. एकाला माझं आडनावसुद्धा धड म्हणता आलं नाही. हात मिळवला, दार दाखवलं, संपलं. तेव्हा मी म्हटलं, काय थंड लोक आहेत. आज कळतंय, निदान त्यांनी मला सांगितलं."

हॉलिसने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"आता सांगा," लेवॉन म्हणाला.

"काय सांगू?"

"उद्या जे सांगणार होतात ते. मला सांगा. माझ्या आईला नको."

मध्यंतरात चार वाक्यांत हरलेल्या पोरांना उठवून परत मैदानावर धाडणारा माझा नवरा, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मला वाटलं आपणच म्हणून टाकावं. मग मोठ्या कष्टाने तो म्हणाला, "लेवॉन, आम्ही तुला सोडतोय. तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं राहू द्या. ते आईने सांगितलंय."

त्याने टॅब्लेट पावाच्या शेजारी टेबलावर ठेवला, हॉलिसचा हात हातात घेतला, जोरात दाबला आणि सोडला. मग माझ्याकडे वळला. "थोडा पाव बांधून द्याल? पोरी गाडीत बसल्यात. घरी ठेववत नव्हतं त्यांना."

मी सगळाच पाव बांधून दिला. फॉइल दोनदा फाटलं.

गाडी गेली तसा हॉलिसने पुन्हा मोबाईल उचलला.

"कुणाला?"

"मिस अर्नेस्टिनला. माफी तरी मागतो."

मी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि पावाच्या रिकाम्या टोपलीत टाकला. "जेवायच्या टेबलावर मोबाईल टोपलीत," मी म्हटलं. "नियम तुझाच आहे."

लेवॉन कुणाकडे काही बोलला नसावा. पण शाळेत जाणारी मुलगी बोलते, तिच्या वर्गात दुसऱ्या खेळाडूची मुलगी असते, आणि आठवड्याच्या आत सगळ्या संघाला कळलं की कॉलेजचा कोच माणसाला काढायच्या आधी त्याच्या आईला विचारतो. हॉलिस सरावात कुणावर चिडला की मागून हळूच आवाज यायचा, "कोच, आईला सांगू नका हो." सामना हरून कपडे बदलायच्या खोलीत आले की कुणीतरी म्हणायचं, "आज माझी आई फोन उचलणार नाही." डॅरेलला तर सणच मिळाला. हॉलिस मला हे घरी येऊन सांगायचा, स्वतःच हसून दाखवायचा आणि गॅरेजकडे चालायला लागायचा. चांदण्या, टोपल्या, गाणी, सगळं त्याने बंद केलं. तो आता रॉयसारखं बोलायचा प्रयत्न करायचा, मोजकं आणि थंड. ते त्याला जमायचं नाही. उसना कोट घातल्यासारखा दिसायचा आणि मला त्याची फार कीव यायची.

डिसेंबर अर्धा सरला होता. सोमवारची संध्याकाळ, मी तळ्यातला पर्च मासा तळत होते. फोन वाजला. संघाच्या मालकाची बायको, कॉनी हाल्वरसन. सामन्याच्या वेळी आम्ही शेजारी बसायचो. म्हातारी जीव लावणारी आहे, मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही.

"डार्ला, तुला आधी कळावं असं मला वाटलं गं," ती म्हणाली. "उद्या सकाळी रॉय हॉलिसशी बोलणार आहे. ठरलंय सगळं. तू जरा त्याला सांभाळून घे."

मी विचारलं, "हॉलिसला माहीत आहे?"

"नाही, त्याला उद्या. पण तू त्याची बायको, म्हटलं तुझ्या कानावर आधी घालावं. आमच्या वेळी असंच करायचे."

"कॉनी, मी आता ह्याचं काय करू?"

"म्हणजे?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. मी तिचे आभार मानले, फोन बंद केला आणि टोपलीत टाकला.

मग मी गॅरेजमध्ये गेले. तिथून अंगणात. परत गॅरेजमध्ये. बाहेर बर्फ होतं आणि पायात घरातल्या चपला होत्या. सांगितलं तर मला रडू येणार, आणि ज्याची नोकरी गेली तो माझे डोळे पुसत बसणार. नाही सांगितलं तर त्याच्यासमोर बसून मासे खायचे, रविवारच्या सामन्याचे त्याचे बेत ऐकायचे आणि मान डोलवायची. कॉनीचा मला एवढा राग आला की अंगणातली बादली मी लाथेने उडवली. ती माया करायला गेली होती, आणि ह्याच मायेपायी माझ्या नवऱ्याचं पायलट्समध्ये घोडं अडलं होतं.

हॉलिसची गाडी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात परत आले होते.

"जळलं का काही?" त्याने दारातूनच विचारलं.

"मासे. थोडेसेच."

तो माझ्याकडे बघत राहिला. तीस वर्षांत त्याने माझ्या हातचा जळका मासा खाल्लेला नाही.

"कुणाचा फोन आला होता का?"

"कुणाचा नाही."

त्याची नजर टेबलावर गेली. टोपलीत माझा मोबाईल पडला होता. तो खुर्चीत बसला, बुटाची एक नाडी सोडली आणि तिथेच थांबला. ओल्या झालेल्या माझ्या चपलांकडे बघत होता. मग त्याने नाडी परत बांधली, नीट, दुहेरी गाठ मारून.

"रॉय अजून ऑफिसात असेल," तो उठत म्हणाला. "जाऊन येतो. काय असेल ते त्याने माझ्या तोंडावर सांगू दे."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने पिशवीतून आपला टॅब्लेट काढला, काखेत धरला आणि दारापर्यंत गेला. तिथे वळला.

"डार्ला, त्या दिवशी मिस अर्नेस्टिन फोनवर बोलली ना, मला शब्द ऐकू आले. आवाज नीट कळला नव्हता. कसा होता गं तिचा आवाज?"

"आत्ता माझा आहे तसा," मी म्हटलं.